पोटाच्या गोळीतला धातू : बिस्मथ



अल्सरसाठी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, दोन दिवस घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी शौचाला काळेकुट्ट झाले. मग घरात धावपळ उडते. कोणी म्हणते आतून रक्त जातंय, कोणी म्हणते गोळी बाधली, आणि कोर्स अर्ध्यावर बंद होतो. दुसऱ्या एखाद्या घरात नेमके उलटे घडते. आतून खरोखरच रक्त जात असते, पण "गोळ्यांनी काळे होतेच" असे म्हणून माणूस चार दिवस अंगावर काढतो. पहिल्या घरात आजार परत येतो, दुसऱ्या घरात जीव जाऊ शकतो. हा सगळा गोंधळ ज्याच्यामुळे होतो तो पदार्थ म्हणजे बिस्मथ. आपल्या उपासक-उपासिकांना तो नीट माहीत असावा म्हणून हे पान.

बिस्मथ हे मूलद्रव्य आहे, धातू आहे. दहावीच्या मुलांनी विज्ञानाच्या पुस्तकातली आवर्तसारणी उघडली तर ८२ क्रमांकावर शिसे आणि लगेच ८३ वर बिस्मथ सापडेल. दोघे इतके सारखे वाटत की शेकडो वर्षे लोक बिस्मथला शिशाचा किंवा कथलाचाच एक प्रकार समजत होते. १७५३ साली क्लोद जॉफ्रॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो वेगळा धातू असल्याचे दाखवून दिले. रंग चांदीसारखा, पण त्यात किंचित गुलाबी झाक. हातोडा मारला तर पत्रा होत नाही, तुकडे होतात. २७१ अंश सेल्सिअसला वितळतो. लोखंडाला त्यासाठी दीड हजारांवर अंश लागतात.

त्याची एक खोड आपल्या ओळखीची आहे. पाण्याने भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये ठेवली की फुटते, कारण पाणी गोठताना फुगते. बहुतेक धातू गोठताना आकसतात. बिस्मथ मात्र पाण्यासारखा फुगतो. आणखी एक गंमत. बिस्मथ अगदी स्थिर आहे, कधी बदलत नाही, असे बराच काळ मानले जात होते. २००३ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले की त्याचेही अणू तुटतात, पण इतके हळू की विश्वाचे आजवरचे सगळे वय त्यापुढे काहीच नाही. अनित्यतेची ही साक्ष प्रयोगशाळेतून आली. त्यातून होणारे किरणोत्सर्जन इतके नगण्य आहे की गोळी घेणाऱ्याने त्याची काळजी करू नये.

बिस्मथमध्ये कथील आणि इतर धातू मिसळले की मिश्रण आणखी कमी उष्णतेत वितळते. बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम यांचा वुड्स मेटल नावाचा मिश्रधातू तर साधारण ७० अंशांवर, म्हणजे चहाच्या पाण्याला उकळी फुटायच्या आधीच, पातळ होतो. याच तत्त्वावर आपल्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो. कुकरमधले पाणी संपले, शिट्टीची वाट अडली, तर आत उष्णता वाढते, व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळतो आणि वाफ तिथून बाहेर पडते. कुकर फुटायचा वाचतो. अशा लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूंत बहुधा बिस्मथच मुख्य असतो. म्हणून वस्तीतल्या भगिनींना एक सांगणे आहे. व्हॉल्व्ह उडाला की त्या भोकात एम-सील भरू नका, खिळा किंवा रांगा तर मुळीच नाही. तो व्हॉल्व्ह तुमच्यासाठी वितळला आहे. भोक बंद केले तर पुढच्या वेळी वितळायला काही उरणार नाही, थेट झाकणच उडेल. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा व्हॉल्व्ह बसवा.

लिपस्टिक, नेलपॉलिश आणि पावडरमधली मोत्यासारखी चमक अनेकदा बिस्मथ ऑक्सिक्लोराइडची असते. काहींना त्याने खाज सुटते, तेव्हा ती वस्तू बंद करावी. आणि आता जगभर नळाच्या पितळेत, डाग देण्याच्या धातूत शिशाऐवजी बिस्मथ घालू लागले आहेत. कारण उघड आहे. शिसे मुलांच्या मेंदूवर घाला घालते, त्याचे नुकसान भरून येत नाही. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम आपल्यापैकी ज्यांच्या घरी किंवा घराजवळ चालते त्यांनी हे विसरू नये. शेजारी-शेजारी असूनही दोघांच्या स्वभावात केवढा फरक! बिस्मथची बहुतेक संयुगे पाण्यात विरघळत नाहीत, आतड्यातून रक्तात अगदी थोडी जातात, म्हणूनच ती औषध म्हणून देता येतात.

आजार कशाचा?

अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तराला पडलेली जखम. तिखट खाल्ल्याने होते, चिंतेने होते, असे डॉक्टरसुद्धा सांगत. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा एक नागमोडी जंतू वाढवून दाखवला. त्याला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. जठराच्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, असे ठासून सांगणाऱ्यांना पटेना. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतःच पिऊन घेतला, आजारी पडले आणि आपल्याच जठराला आलेली सूज तपासून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. कालामांना तथागतांनी परंपरेवर आणि ग्रंथावर विसंबू नका, पडताळून पाहा असे सांगितले होते. ते प्रयोगशाळेत असे दिसते. (जंतू पिण्याचे अनुकरण मात्र कोणी करू नये.)

हा जंतू बहुधा लहानपणीच, तोंडावाटे शरीरात शिरतो. दाटीचे घर, एकाच खोलीत सात-आठ माणसे, अपुरे पाणी, सामायिक संडास, तिथे तो जास्त पसरतो. म्हणजे अल्सर हा कोणाच्या पूर्वकर्माचा भोग नाही आणि केवळ जिभेच्या चोचल्यांचाही नाही. पाणी आणि जागा ज्यांच्या वाट्याला कमी आली त्यांच्या पोटात तो अधिक सापडतो. महाडच्या तळ्याचा लढा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

दुसरे कारण आपल्या हातातले आहे. दिवसभर ओझी वाहून अंग दुखते, किराणा दुकानातून दोन रुपयांची दुखण्याची गोळी घ्यायची, तीही उपाशीपोटी, वर चहा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या रोज घेतल्या की जठराचे अस्तर सोलून निघते. तंबाखू, बिडी आणि दारू जखम भरू देत नाहीत.

गोळी काय करते?

आपल्याकडे मिळणाऱ्या गोळीत बिस्मथ सबसिट्रेट असते. ती जखमेवर पातळ थर धरते आणि जंतूलाही मारते. एकटी मात्र पुरत नाही. आम्ल कमी करणारे औषध, दोन प्रतिजैविके आणि बिस्मथ असा चौघांचा कोर्स बहुधा १० ते १४ दिवस चालतो. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळते, आणि बरे वाटू लागते ते पाचव्या-सहाव्या दिवशीच. तिथे कोर्स सोडला की उरलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो. या कोर्समध्ये मेट्रोनिडॅझोल असेल तर दारूचा थेंबही नको. पाचवे शील पाळणाऱ्या घरात हा प्रश्न यायला नको, तरी लिहून ठेवतो. बिस्मथची गोळी दुधाबरोबर किंवा ॲसिडिटीच्या पातळ औषधाबरोबर घेऊ नये. दोहोंत निदान अर्धा तास अंतर हवे. वर्षावासात उपोसथ करणाऱ्या उपासिका विचारतात, दुपारनंतर गोळी चालते का? औषध हे भोजन नव्हे, त्याने शील मोडत नाही. आजारी भिक्खूला औषधाची मुभा विनयातच आहे. अतिसाराने मळात पडलेल्या एका भिक्खूला बुद्धांनी आनंदासह स्वतः धुऊन काढले, ही कथा महावग्गात आहे. पोटाच्या आजाराची किळस करू नये याला याहून मोठा दाखला कोणता?

काळे का होते?

आतड्यात गंधकयुक्त वायू असतो. बिस्मथ त्याच्याशी संयोग पावून काळे बिस्मथ सल्फाइड तयार होते. जीभही काळी पडते. गोळी थांबल्यावर काही दिवसांत सगळे पूर्ववत होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते.

रक्ताचे काळेपण वेगळे. ते डांबरासारखे चिकट, चकचकीत आणि फार घाण वासाचे असते. पाणी टाकले तरी सहज सुटत नाही. सोबत चक्कर, घाम, धाप, छातीत धडधड, किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी. यातले एकही दिसले तर गोळीचा दोष आहे की नाही याची चर्चा घरात करू नका, १०८ ला फोन करा. जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या, दुखण्याच्या गोळीचेही. आणि बिस्मथ घेत असतानाही रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मन साशंक असेल तर दवाखाना गाठलेलाच बरा.

कोणी घेऊ नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनी, किडनीचा आजार असलेले, यांनी डॉक्टरांना आधी सांगावे. परदेशातून नातेवाईक पेप्टो-बिस्मॉल नावाची गुलाबी बाटली आणतात. तिच्यात ॲस्पिरिनच्या जातीचे सॅलिसिलेट असते. ताप किंवा कांजिण्या असलेल्या मुलाला ते दिले तर मेंदू आणि यकृतावर आघात करणाऱ्या रेय सिंड्रोमचा धोका असतो. मुलाच्या जुलाबाला ती बाटली नको. ओआरएस आणि १४ दिवस झिंक, दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आणि महिनोन्महिने तर कोणीच घेऊ नये. १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये लोक बद्धकोष्ठ आणि पोटाच्या किरकोळ तक्रारींवर बिस्मथ दीर्घकाळ घेत राहिले. शेकडो जणांना गोंधळ, हातापायांना झटके, चालताना तोल जाणे सुरू झाले, काही दगावले. औषध बंद केल्यावर बहुतेक सावरले.

कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही याची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून घ्यावी. त्याआधीचे दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळीही बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही अहवाल 'नाही' असा येतो. गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा.