राइडिंग बूट : किती खर्च करावा, कशावर आणि कधी

उन्हाळी सुट्टीत मुलांना राइडिंग क्लबात घातलं, किंवा चाळिशीत स्वतःचीच जुनी हौस भागवायला घेतली, की पहिल्या आठवड्यातच बुटांचा प्रश्न येतो. गुडघ्यापर्यंतचे काळे चकचकीत बूट बघितले की तेच ‘खरे’ वाटतात. किंमत ऐकल्यावर मग काहीजण हौसेपोटी वीस हजार मोजतात, तर काहीजण ‘सध्या स्पोर्ट्स शूजवर भागवू’ म्हणतात. पहिल्यांचे पैसे बहुधा वाया जातात, दुसऱ्यांचा पाय धोक्यात येतो. शिकणाऱ्याला लागणारा चांगला जोड या दोन्हींच्या मधल्या किमतीत मिळतो. तो कसा निवडायचा आणि एकूण खर्च किती धरायचा, ते पाहू.

बुटाचं खरं काम

घोड्यावरून पडणं हा शिकण्याचा भागच आहे. पडताना पाय रिकिबीत अडकून राहिला आणि घोडा उधळला, तर स्वार फरफटत जातो. जिवावर बेतणाऱ्या अपघातांपैकी हा एक. म्हणून राइडिंग बुटाची पहिली कसोटी अशी, की पाय रिकिबीतून आरपार पुढे जाता कामा नये आणि वेळ आली तर झटकन बाहेर निघाला पाहिजे.

पाय पुढे सरकू नये म्हणून टाच हवी, साधारण २ ते २.५ सेंटिमीटर उंच आणि पुढच्या बाजूने सरळ उतरलेली. पाय सहज सुटावा म्हणून तळ गुळगुळीत किंवा अगदी उथळ नक्षीचा हवा. स्पोर्ट्स शूजना वेगळी टाच नसते आणि त्यांचा मऊ तळ रिकिबीच्या लोखंडाला धरून बसतो. ट्रेकिंगचे बूट रुंद असतात आणि त्यांच्या तळाच्या खोल खाचा रिकिबीत अडकतात. पावसाळी गमबूट तर रुंदही असतात आणि घोट्यापाशी ढिलेही. या तिन्हींपैकी काहीही घालून घोड्यावर बसू नये. माथेरानला किंवा महाबळेश्वरला अर्ध्या तासाची फेरी मारतानाही चपला किंवा सँडल नकोत. टाच असलेला साधा बंद बूट घालावा, फक्त चवडा रिकिबीवर टेकवावा आणि लगाम घोडेवाल्याच्या हाती राहू द्यावा.

बूट कितीही चांगला असला, तरी रिकीब त्याच्या मापाची नसेल तर उपयोग नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते. बुटाचा सर्वांत रुंद भाग रिकिबीच्या मधोमध ठेवा. दोन्ही बाजूंना मिळून साधारण २.५ सेंटिमीटर, म्हणजे एकेका बाजूला जवळपास बोटभर जागा राहिली पाहिजे. जागा कमी असेल तर पाय अडकतो, फार जास्त असेल तर पाय आरपार जाऊ शकतो. लहान मुलाला मोठ्यांच्या रिकिबी दिल्या तर टाचेचा बूट असूनही अख्खं पाऊल पलीकडे जातं. प्रशिक्षकाकडे लहान रिकिबी किंवा सेफ्टी रिकिबी मागून घ्या. मुलांच्या नेहमीच्या सेफ्टी रिकिबीच्या एका बाजूला रबरी पट्टा असतो आणि ताण आला की तो सुटतो. हा पट्टा कायम बाहेरच्या, म्हणजे करंगळीच्या बाजूला यायला हवा. तो आत आला तर त्याचा उपयोग नाही.

प्रकार आणि ढोबळ भाव

पुढचे आकडे खर्चाचा अंदाज बांधण्यासाठी आहेत. शहर, दुकान आणि सवलतीप्रमाणे त्यांत फरक पडेल.

• आखूड बूट, सिंथेटिक (घोट्याच्या थोडे वर येणारे, यांना जोधपुरी किंवा पॅडॉक बूट म्हणतात) : २,००० ते ४,००० रुपये.

• आखूड बूट, चामड्याचे : ५,००० ते १०,००० रुपये.

• हाफ चॅप्स (आखूड बुटावर पोटरीभोवती चढवायचं आवरण) : सिंथेटिक किंवा स्वेड १,५०० ते ३,५०० रुपये, गुळगुळीत चामड्याचे ४,००० ते ८,००० रुपये.

• लांब रबरी बूट : ३,००० ते ५,००० रुपये. पाण्यात उत्तम, पण आपल्या हवेत पाय घामाने भिजतो.

• लांब चामडी बूट, तयार मापाचे, भारतीय बनावटीचे : १०,००० ते २०,००० रुपये.

• लांब चामडी बूट, मापाने शिवलेले, भारतीय : १५,००० ते ३०,००० रुपये.

• परदेशी ब्रँडचे लांब बूट : ४०,००० रुपयांपासून पुढे, लाखाच्या वरही. बाहेरून मागवले तर कस्टम शुल्क आणि कुरिअर वेगळं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांच्या जोडाला ५ टक्के आणि त्यावरच्या जोडाला १८ टक्के जीएसटी आहे. छापील एमआरपीत कर धरलेला असतो. मापाने शिवून घेताना मात्र कारागीर सांगतो तो भाव करासह आहे की कर वगळून, हे आधीच विचारून घ्या. २०,००० रुपयांवर हा फरक ३,६०० रुपयांचा होतो.

कोणी काय घ्यावं

नुकतं शिकायला लागलेल्याने आखूड बूट आणि हाफ चॅप्स घ्यावेत. बूट घोट्याला सांभाळतो. दुडक्या चालीत रिकिबीची वादी पोटरीची कातडी चिमटते, तिथे चॅप्स कामी येतात. हा जोड वापरून चालता येतं, पागेत काम करता येतं आणि एक भाग खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. दुचाकीवरून क्लबात जाणाऱ्यांना चॅप्स पिशवीत टाकून नेता येतात, ही आणखी एक सोय.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी सिंथेटिकच बरे. वर्षभरात पाऊल एक-दोन नंबरांनी वाढतं. ‘पुढच्या वर्षीही चालतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, कारण ढिल्या बुटात टाच उचलली जाते आणि पाय रिकिबीवर नीट टेकत नाही. अंगठ्यापुढे अर्धा इंच जागा पुरते. क्लबातल्या मोठ्या मुलांचे लहान झालेले बूट अर्ध्या किमतीत मिळत असतील तर जरूर बघा, फक्त टाचेची झीज आणि चेन तपासा.

लांब बूट घ्यायला निदान वर्षभर थांबा. नियमित रपेट सुरू झाली की पोटरीचा आकार बदलतो आणि पहिल्या महिन्यात घेतलेलं माप चुकतं. शिवाय तोवर आपला कल कुठे आहे हेही कळतं. उड्यांच्या शर्यतीसाठी घोट्यापाशी लेस असलेला फील्ड बूट लागतो, कारण तिथे घोटा जास्त वाकतो. ड्रेसाजसाठी, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारासाठी, बिनलेसचा, ताठ नळीचा बूट वापरतात. स्पर्धेत उतरायचं असेल तर खरेदीआधी त्या स्पर्धेचे पोशाखाचे नियम वाचा. अनेक ठिकाणी खालच्या गटांत एकाच रंगाचे आखूड बूट आणि गुळगुळीत चामड्याचे चॅप्स चालतात. तसं असेल तर पंधरा हजारांचा खर्च वर्ष-दोन वर्षं पुढे ढकलता येतो.

रेसकोर्सच्या आसपास जॉकींचे वापरलेले बूट स्वस्तात मिळतात. ते वजन वाचवण्यासाठी अगदी पातळ केलेले असतात, शिकणाऱ्याच्या पायाला त्यांचा आधार मिळत नाही. ते घेऊ नयेत.

माप असं घ्या

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. रपेटीला घालता तीच ब्रीचेस (राइडिंगची विजार) आणि तेच मोजे घाला. खुर्चीवर ताठ बसा, पावलं जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. आता दुसऱ्या कुणाला तरी टेप धरायला सांगा. स्वतः वाकून घेतलेलं माप हमखास चुकतं, कारण वाकताना पोटरीचा स्नायू ताणला जातो.

दोन मापं महत्त्वाची : पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. दोन्ही पायांची वेगवेगळी घ्या आणि मोठं माप धरा. मापाने शिवताना घोट्याचा आणि गुडघ्याखालचा घेरही द्यावा लागतो.

नवा लांब चामडी बूट गुडघ्यामागे थोडा टोचतो, तेव्हा तो उंच झाला असं वाटतं. वापराने घोट्यापाशी घड्या पडतात आणि बूट अडीच ते चार सेंटिमीटर खाली बसतो. पहिल्याच दिवशी आरामशीर वाटणारा बूट त्यामुळे दोन महिन्यांनी आखूड दिसतो. घेराचंही तसंच आहे. चामडं थोडं सैल होणारच, म्हणून नवी चेन जरा जोर लावून बंद झाली पाहिजे. पावलाला मात्र पहिल्या दिवसापासून आराम हवा. चवडा दाबला जात असेल तर ‘सैल होतील’ या भरवशावर घेऊ नका.

दुकानात बूट घालून चाला, उकिडवे बसा आणि पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली सोडा. घोड्यावर पाय असाच राहतो. या स्थितीत घोट्याच्या पुढच्या बाजूला काचलं तर दुसरा जोड मागा. ऑनलाइन खरेदीत ही सगळी तपासणी घरात, सतरंजीवर करा. तळाला माती लागली किंवा चामड्यावर घडी पडली की बूट परत घेतले जात नाहीत.

घेण्याआधी काय तपासाल?

लांब बुटात सर्वांत आधी चेन निकामी होते. ती चार-पाच वेळा वर-खाली करा. मधे अडखळता कामा नये आणि वरच्या टोकाला ती झाकणारा बटणाचा पट्टा हवा. मग पोटरीच्या आतल्या बाजूची शिवण बघा, कारण खोगिराला घासतो तो हाच भाग. तळ शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, हे कडेला दिसतं. शिवलेला तळ बदलून घेणं सोपं जातं.

सिंथेटिक बुटांत आणखी एक काळजी. पॉलियुरेथेनचा म्हणजे पीयूचा तळ दमट हवेत हळूहळू विरतो आणि न वापरतासुद्धा एक दिवस भुगा होऊन सुटतो. मुंबई, कोकण, गोवा इथल्या हवेत ही प्रक्रिया लवकर होते. म्हणून ‘जुना स्टॉक, मोठी सूट’ असेल तर खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. तीन-चार वर्षं गोदामात पडून असलेला जोड अर्ध्या किमतीतही महाग पडतो.

लोखंडी टोपीचे कारखान्यातले सेफ्टी शूज घ्यावेत का, असंही विचारलं जातं. घोड्याचं वजन चारशे-पाचशे किलोच्या घरात असतं आणि पायावर टाप पडली की बोटं चेचतात, हे खरं. पण हे बूट रुंद असतात, रिकिबीत अडकतात आणि त्यांचा तळ खोल खाचांचा असतो. पागेत काम करायला ते वापरा, घोड्यावर बसताना बदला.

मापाने शिवून घेताना

खोगीर, लगाम आणि राइडिंगच्या चामडी सामानाचं देशातलं मोठं केंद्र कानपूर. लष्करासाठी एकोणिसाव्या शतकात तिथे हा उद्योग उभा राहिला आणि आज तिथला माल परदेशात जातो. निर्यातीच्या दर्जाचे बूट तिथून मागवता येतात, पण अंतरामुळे मापातली चूक महागात पडते. म्हणून सगळी मापं बिलावर किंवा ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. चामड्याचा प्रकार, रंग, अस्तर, चेन कुठे आणि माप चुकल्यास दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, हेही त्यातच यायला हवं. आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. त्यासाठी पक्कं बिल हवं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

निगा आणि वर्षाचा हिशेब

रपेट झाली की ओल्या फडक्याने घाम आणि माती पुसा, चेनच्या दातांतली धूळ जुन्या टूथब्रशने काढा. आठवड्याला सॅडल सोप, महिन्याला लेदर कंडिशनर. भिजलेले बूट उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली सावलीत वाळवा आणि बोळे बदलत राहा. पावसाळ्यात बूट बंद कपाटात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले तर आठवड्यात बुरशी धरते. कापडी पिशवीत, हवा लागेल असे ठेवा.

आता आठवड्यातून दोनदा रपेट करणाऱ्या प्रौढ माणसाचा हिशेब करू. सिंथेटिक बूट ३,००० आणि चॅप्स २,००० असे ५,००० रुपये. हा जोड दोन वर्षं टिकला तर वर्षाला २,५०० पडतात. चामड्याचे बूट ७,००० आणि चॅप्स ३,००० असे १०,००० रुपये. चार वर्षांत एकदा तळ बदलण्याचे १,०००, चेनचे ३०० आणि निगेचे वर्षाला ५०० धरले तर एकूण १३,३००, म्हणजे वर्षाला सुमारे ३,३००. तोच जोड याच दुरुस्त्या पुन्हा करून आठ वर्षं चालला, तर वर्षाचा खर्च २,१०० च्या आत येतो. म्हणजे दोन-तीन वर्षांत छंद सुटेल अशी शक्यता असेल तर सिंथेटिक स्वस्त, आणि घोडा आयुष्यात राहणार असेल तर चामडं स्वस्त.

पैसे मोजकेच असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवा : आधी स्वतःच्या डोक्याला नीट बसणारं, प्रमाणित राइडिंग हेल्मेट. मग टाचेचे आखूड बूट. मग चॅप्स. लांब बूट सर्वांत शेवटी. साधारण दहा हजारांत पहिल्या तीन गोष्टी होतात. हेल्मेटचे पैसे कापून कुणी लांब बूट घेत असेल, तर त्याला थांबवा.