भिंतीवरची चित्रे आणि घरातला काळोख

घरात दूरदर्शनसंच ठेवावा की त्याच्या जागी प्रोजेक्टर घ्यावा, हा प्रश्न आपल्या बांद्यासारख्या गावातील पालकही आता विचारू लागले आहेत. वरवर पाहता हा खरेदीचा प्रश्न होय. परंतु त्याच्या पोटात घरातील रात्रीच्या दोन तासांचा प्रश्न दडलेला आहे, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे. यातील प्रकाशशास्त्र विद्यार्थ्यांनी पाहावे आणि उरलेले पालकांनी पाहावे.

दूरदर्शनसंचाचा पडदा स्वतःच प्रकाश देतो, त्यामुळे भर दुपारीही तो दिसतो. प्रोजेक्टरचे तसे नाही. त्यात एक लहानसे चित्र तयार होते, त्यामागून किंवा त्यावर प्रखर प्रकाश पडतो आणि बहिर्गोल भिंग ते चित्र मोठे करून समोरच्या भिंतीवर टाकते. भिंतीवरून परावर्तित झालेला प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. आता पाहा, या यंत्राला तांबडा, हिरवा, निळा असा कोणताही प्रकाश फेकता येतो. काळा मात्र फेकता येत नाही. काळा म्हणजे प्रकाशाचा अभाव. चित्रात जेथे रात्र आहे, तेथे यंत्र काहीच फेकत नाही, आणि ती जागा भिंत जितकी काळोखी असेल तितकीच काळी दिसते. खोलीत दिवा जळत असेल, तर चित्रातील रात्र राखाडी होते. यंत्र प्रकाश पुरविते. काळोख घरच्या मंडळींनीच पुरवावा लागतो.

दुसरी गोष्ट गणिताची. चार फूट रुंदीचे चित्र आठ फूट केले, तर रुंदी दुप्पट होते, उंचीही दुप्पट होते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट होते. प्रकाश तेवढाच, जागा चौपट. म्हणून प्रत्येक भागास पूर्वीच्या चतुर्थांशच उजेड मिळतो. जाहिरातीत ‘सिनेमागृहाएवढे चित्र’ असे वाचून हुरळून जाणाऱ्याने हा हिशेब अगोदर मांडावा. प्रकाशाचे माप लुमेन या एककात सांगतात. त्यातही ‘आन्सी लुमेन’ हे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले माप असते. नुसत्या ‘लुमेन’ शब्दापुढील भलामोठा आकडा बहुधा विक्रेत्याच्या उत्साहाचे माप असतो.

भिंतीवर किंवा पडद्यावर चित्रे पाहणे आपल्या भागास नवीन नाही. कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्या पांढऱ्या पडद्याआड दिव्याच्या उजेडात नाचवून छायांचा खेळ करतात, आणि कागदावरील चित्रे एकामागून एक पुढे धरून कथा गातात. या कलेला सावंतवाडीच्या राजघराण्याने आश्रय दिला होता. ती जतन करणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. या खेळातही दिवा आहे, पडदा आहे आणि काळोख आहे. शिवाय एक सांगणारा माणूस आहे, तो विसरता कामा नये.

यंत्राच्या साहाय्याने हेच करण्याची युक्ती हॉलंडमधील ख्रिस्तियान हायगेन्स या शास्त्रज्ञाने १६५९ च्या सुमारास योजिली. तिलाच पुढे मॅजिक लॅन्टर्न म्हणजे जादूचा कंदील असे नाव पडले. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली या यंत्राचे खेळ सुरू केले. काचांवर हाताने रंगविलेली चित्रे ते अशा कौशल्याने सरकवीत, की पात्रे हालचाल करीत आहेत असा भास होई. आपल्या मुलांना बरोबर घेऊन गावोगाव हिंडून त्यांनी हे खेळ केले. त्यांस त्यांनी नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. शंबरासुराच्या मायेवरून घेतलेले हे नाव उच्चारण्यास कठीण, पण ऐकण्यास मोठे झोकदार आहे. मुंबईत वॉटसन हॉटेलात लुमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे पटवर्धनांच्या नंतर चार वर्षांनी. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तर १९१३ चा. मिशनऱ्यांनीही हा कंदील पुष्कळ वापरला. आजच्या एका जातीच्या प्रोजेक्टरमध्ये काचेऐवजी लाखो सूक्ष्म आरसे असतात. ही युक्ती लॅरी हॉर्नबेक या अमेरिकन संशोधकाने १९८७ साली साधली. भिंगाचे काम मात्र हायगेन्सच्या वेळचेच आहे.

दूरदर्शन मुंबईस आले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. खेडोपाडी संच पोहोचण्यास आणखी काळ गेला. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिका लागे, तेव्हा वाडीत एखाद्याच घरी संच असे आणि सगळी वाडी त्याच्या पडवीत जमे. अर्थात त्या काळी दूरदर्शनसंच घर मोडीत नव्हता. उलट शेजार जोडीत होता. म्हणून सारा दोष त्या यंत्राच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. बदल झाला तो पुढे, जेव्हा संच घरोघर आला, दिवसभर चालू राहू लागला आणि कोणी पाहत नसतानाही बोलू लागला. त्यानंतर मोबाईल आला आणि एकाच घरातील पाच माणसे पाच पडदे घेऊन बसली.

प्रोजेक्टरचा गुण त्याच्या अडचणीतच आहे. तो सहज लावता येत नाही. कोणते चित्र पाहावयाचे हे अगोदर ठरवावे लागते, खिडक्या लावाव्या लागतात, चादर ताणून बांधावी लागते, दिवे मालवावे लागतात. खेळ संपला की दिवा लागतो आणि सर्वजण एकमेकांची तोंडे पाहतात. जत्रेतील दशावताराला जशी ठरलेली रात्र असते, तशी या पाहण्यालाही एक वेळ येते.

पण या व्यवस्थेचा भार कोणावर पडतो, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. दूरदर्शनसंच चालू असता स्वयंपाकघरातील आई निदान कानांनी तरी त्यात सहभागी होत असे. काळोख्या खोलीत खेळ सुरू झाल्यावर ती चुलीपाशी असेल, तर ती त्याला सर्वस्वी मुकते. तेव्हा जेवणे उरकून, भांडी सर्वांनी मिळून आवरून मगच दिवे मालवावेत; एरवी कुटुंबाचा आनंद म्हणून जे आणले, ते एकीला वगळून होईल. आजीचेही तसेच. तिला दुपारी बातम्या किंवा मालिका पाहावयाची असते, आणि काळोखात उठताना तिचा पाय अडखळतो. मुलांना शिस्त लागावी म्हणून आजीची दुपार काढून घेणे मला पटत नाही. अशा घरी लहान संच तिच्या खोलीत ठेवावा.

प्रोजेक्टरने डोळे बिघडत नाहीत असे विक्रेते सांगतात. इतकी हमी कोणी देऊ नये. मोठे चित्र लांबून पाहिल्याने डोळ्यांवरील ताण हलका वाटेल, परंतु तीन तास हे तीन तासच. भिंगात डोळा लावून पाहण्याचा मोह लहान मुलांना होतो. तो प्रकाश प्रखर असतो, म्हणून यंत्र त्यांच्या हातापलीकडे ठेवावे.

आपल्या कोकणच्या हवेचाही विचार हवा. पावसाळ्यात दमटपणामुळे भिंगाला बुरशी धरते, म्हणून यंत्र कोरड्या, बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. वीज जाते, ती वेगळीच. मृगाच्या सुमारास दिवे लागले की पंख फुटलेली वाळवी झेपावते. ती प्रकाशाच्या झोतात शिरली, की भिंतीवर गरुडाएवढ्या सावल्या फिरतात, आणि मागोमाग येणारी पाल नायकाच्या नाकावर बसते. मुलांना हा भाग मूळ चित्रपटाहून अधिक आवडतो. खळ्यात बसून पाहावयाचे असेल, तर दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

विद्यार्थ्यांनी सुटीत हा प्रयोग करावा. बुटांच्या रिकाम्या खोक्याच्या एका बाजूस भोक पाडून त्यात बहिर्गोल भिंग बसवावे. आत मोबाईल भिंगाकडे तोंड करून, डोके खाली करून उभा ठेवावा आणि तो मागेपुढे सरकवीत समोरच्या भिंतीवर चित्र स्पष्ट करावे. खोली पूर्ण काळोखी असूनही चित्र मंद दिसेल. किती फुटांवर किती मंद, ते वहीत टिपून वरील चौपटीच्या हिशेबाशी ताडावे. चित्र सरळ उभे दिसेल, तरी त्यातील अक्षरे मात्र आरशातल्याप्रमाणे उलटी येतील. पटवर्धनांच्या काचेला ही अडचण का आली नसेल, हे आपल्या विज्ञानशिक्षकांना विचारण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतः शोधून पाहावे.