शिकारीची बंदूक : कायदा आणि हलाल

आपला मुलगा किंवा भाचा अमेरिकेतील ओहायो राज्यात राहत असेल आणि तेथील सार्वजनिक वनभूमीत हरणाच्या शिकारीस निघाला असेल, तर बंदूक निवडताना त्याने दोन प्रश्न ध्यानी घ्यावेत.

पहिला कायद्याचा. तेथे बंदुकीच्या हंगामात एकच गोळी सोडणाऱ्या काडतुसाची शॉटगन किंवा निमुळता गळा नसलेल्या, ०.३५७ ते ०.५० इंची सरळ काडतुसाची रायफल चालते. तीनहून अधिक काडतुसे भरता येत नाहीत. परवाना हा करार आहे आणि करार पाळण्याची आज्ञा सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे.

दुसरा हलालचा. टोकाने भेदलेली शिकार खावी, आडव्या आघाताने मेलेली खाऊ नये, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अदी बिन हातिम (रजि.) यांना सांगितले. गोळीने मेलेले जनावर हलाल की हराम, याविषयी उलमांत मतभेद आहे. अनेक हनफी व शाफई उलमा ते हलाल मानत नाहीत. म्हणून बिस्मिल्लाह म्हणूनच चाप ओढावा, धारदार सुरी जवळ बाळगावी आणि जनावर जिवंत हाती लागताच जबह करावे.

भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीस मनाई आहे. येथे करारपालनाची तीच आज्ञा बंदूक खाली ठेवावयास सांगते.