ढग येतात, पण पाऊस का पडत नाही?

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या भागात आभाळ भरून येते, परंतु पाऊस न पडताच ढग निघून जातात. पिके ऐन वाढीच्या अवस्थेत असताना अशी उघडीप पडली की कृत्रिम पावसाची मागणी होते. त्याकरिता ढगातील क्रिया समजून घेणे उपयुक्त ठरते.

मेघबिंदू आणि धूलिकण

हवेतील वाफेचे पाणी होण्यास आधार लागतो. धूळ, धूर व समुद्री मीठ यांचे अतिसूक्ष्म कण हा आधार देतात. मेघबिंदूचा व्यास साधारण ०.०२ मि.मी. असतो. पावसाचा २ मि.मी.चा एक थेंब होण्यास असे सुमारे १० लाख बिंदू एकत्र यावे लागतात. हवेत कण फार झाले की तेच पाणी अनेक बिंदूंत वाटले जाते. बिंदू बारीक राहतात, एकमेकांत सहज मिसळत नाहीत आणि पाऊस लांबतो.

सोलापूरचे प्रयोग

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सन २००९ पासून विमानातून ढगांचा अभ्यास सुरू केला. सन २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात निवडक ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडण्यात आले. हे कण ओलावा चटकन शोषून मोठे थेंब तयार करतात. सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे १०० चौ.कि.मी. क्षेत्रात पावसात सरासरी १८ टक्के वाढ दिसली. म्हणजे जेथे १० मि.मी. पाऊस झाला असता, तेथे सुमारे १२ मि.मी. झाला. निरभ्र आकाशातून मात्र पाऊस पाडता येत नाही. त्यासाठी भरपूर बाष्प असलेला, वाढता ढग लागतो.

शेतकऱ्यांनी काय करावे?

कृत्रिम पाऊस हा पूरक उपाय आहे. त्यावर विसंबून न राहता पुढील गोष्टी कराव्यात.

१) उताराला आडवी मशागत व पेरणी करावी.
२) उघडीप पडताच कोळपणी करून जमिनीच्या भेगा बुजवाव्यात.
३) उसाचे पाचट व काडीकचरा जाळू नये. धुराने हवेतील कण वाढतात. तेच पाचट आच्छादन म्हणून वापरल्यास ओल टिकते.
४) शेततळ्यातील पाणी फुलोरा व दाणे भरण्याच्या वेळी संरक्षित पाणी म्हणून द्यावे.

पडलेला प्रत्येक मि.मी. पाऊस शिवारातच मुरविणे हाच कोरडवाहू शेतीचा खात्रीचा आधार होय.