संकेतस्थळाची नाडीपरीक्षा : कार्यक्षमतेचे मापन आणि लोकनिर्मित प्लगिन

जाणता वैद्य रोगी समोर येताच पुडी बांधून देत नाही. तो आधी नाडी पाहतो, जीभ पाहतो, ताप मोजतो आणि मग औषध ठरवतो. संकेतस्थळांच्या बाबतीत मात्र हा साधा नियम आपण सहज विसरतो. ‘साइट फार मंद चालते’ एवढे निदान पुरेसे मानून कोणी सर्व्हरची मेमरी वाढवायला सांगतो, कोणी इंटरनेटला दोष देतो, तर कोणी ‘उद्या पाहू’ म्हणून उठून जातो.

वस्तुतः प्रश्न गंभीर आहे. प्रवेश, परीक्षा-अर्ज, शिष्यवृत्ती, निकाल ही सारी कामे आज संकेतस्थळावर होतात. अर्जाच्या अखेरच्या दिवशी दूरच्या खेड्यातील विद्यार्थ्याच्या मोबाइलवर पान उघडेनासे झाले, तर त्याचे एक वर्ष वाया जाऊ शकते. त्याच्या तक्रारीला पुरावा नसतो आणि संकेतस्थळ चालवणाऱ्यालाही नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही. हे अज्ञान दूर करण्याची साधने जगभरच्या स्वयंसेवकांनी तयार करून विनामूल्य खुली ठेवली आहेत. त्यांची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मापन नसले तर काय होते?

अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचे आरोग्य-विम्याचे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले. लाखो लोकांनी ते उघडण्याचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती अवघ्या सहा जणांची. पुढे मदतीला आलेल्या अभियंत्यांना पहिली उणीव जाणवली ती ही की, यंत्रणेची प्रकृती एका दृष्टिक्षेपात दाखवील असा फलकच तेथे नव्हता. कोणते पान किती वेळ घेते, कोठे रांग साचते, किती विनंत्या अपयशी ठरतात, हे कोणालाच आकड्यांत सांगता येत नव्हते. त्यांनी आधी मापनाची सोय केली आणि मग एकेक दोष शोधून काढला. १ डिसेंबरच्या सुमारास सरकारने जाहीर केलेल्या माहितीनुसार पान मिळण्याचा सरासरी वेळ आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत आला आणि चुकांचे प्रमाण सहा टक्क्यांवरून एका टक्क्याच्या खाली उतरले. यातून घेण्याचा धडा असा की, जे मोजलेले नाही ते सुधारता येत नाही. निदान सुधारले की नाही हे तरी कळत नाही.

काय मोजावे?

गूगल कंपनीतील अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चार मुख्य खुणा सांगितल्या आहेत. पहिली विलंब, म्हणजे विनंती आल्यापासून उत्तर जाईपर्यंतचा वेळ. दुसरी वर्दळ, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या विनंत्या. तिसरी चुका, म्हणजे अपयशी ठरलेल्या विनंत्यांचे प्रमाण. चौथी भार, म्हणजे यंत्रणेची क्षमता किती भरत आली आहे. ही चार मापे रोज पाहणाऱ्याला संकट दारात येण्यापूर्वी त्याची चाहूल लागते.

यांपैकी विलंबाबाबत एक सावधगिरी हवी. सरासरी फसवी असते. समजा, १०० विनंत्यांपैकी ९५ विनंत्यांना प्रत्येकी ०.१ सेकंद लागला आणि ५ विनंत्यांना प्रत्येकी ४ सेकंद लागले. एकूण वेळ ९.५ अधिक २०, म्हणजे २९.५ सेकंद, सरासरी ०.२९५ सेकंद. आकडा पाहून चालक समाधान मानील. परंतु पाच जण चार-चार सेकंद ताटकळले, हे त्यात दिसत नाही. वर्गाच्या सरासरी गुणांवरून नापास झालेला विद्यार्थी दिसत नाही, तसेच हे. म्हणून येथे संख्याशास्त्रातील शततमक वापरतात. ९५ वे शततमक एक सेकंद आहे, याचा अर्थ १०० पैकी ९५ विनंत्यांना एक सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला.

विलंब आणि भार यांचे नाते कसे असते, हे जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमावरून कळते. यंत्रणेत एका वेळी सरासरीने असलेली कामे म्हणजे दर सेकंदाला येणारी कामे गुणिले प्रत्येक कामाला लागणारा वेळ. सेकंदाला २० विनंत्या येतात आणि प्रत्येकीला ०.३ सेकंद लागतो, असे समजू. गुणाकार ६ येतो. सर्व्हरवर ८ कामगार-प्रक्रिया असतील तर काम सुरळीत चालेल. आता डेटाबेस थोडा मंदावला आणि प्रत्येक विनंतीला ०.५ सेकंद लागू लागला. गरज झाली १० प्रक्रियांची, आहेत ८. त्या सेकंदाला १६ विनंत्याच हातावेगळ्या करतील, चार मागे राहतील. एका मिनिटात २४० जण रांगेत उभे राहतील आणि रांग वाढतच जाईल. फरक अवघा ०.२ सेकंदांचा, परिणाम मात्र संकेतस्थळ बंद पडल्यासारखा. शेवटच्या दिवशी ‘अचानक’ कोसळणारी संकेतस्थळे पुष्कळदा अशीच कोसळतात.

जोडभाग कसा बसतो?

प्लगिन म्हणजे मूळ आज्ञावलीला हात न लावता तिला बसवता येणारा जोडभाग. उदाहरणादाखल जँगो ही चौकट घेऊ. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत ती जन्मली आणि २००५ साली सर्वांसाठी खुली झाली. पायथॉन भाषा शिकलेले आपले अनेक विद्यार्थी प्रकल्पासाठी तीच वापरतात. जँगोमध्ये आलेली विनंती मधल्या थरांतून एकामागून एक आत जाते, मूळ कार्यापर्यंत पोचते आणि उत्तर त्याच थरांतून उलट क्रमाने बाहेर येते. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी ही रचना आहे. मापनाचा जोडभाग यांतलाच एक पापुद्रा होऊन बसतो.

‘जँगो-प्रॉमेथियस’ नावाचा लोकनिर्मित जोडभाग असे दोन थर बसवतो : एक सर्वांत बाहेर, दुसरा सर्वांत आत. बाहेरचा थर एकंदर वेळ मोजतो, आतला केवळ मूळ कार्याचा वेळ मोजतो. दोहोंची वजाबाकी केली की मधल्या थरांनी किती वेळ खाल्ला ते कळते. बसवण्याच्या पायऱ्या चारच आहेत. पॅकेज उतरवून घ्यावे; मांडणीच्या फाइलमधील अॅपच्या यादीत त्याचे नाव लिहावे; थरांच्या यादीत एक थर आरंभी आणि एक अखेरीस घालावा; आणि मापांच्या पानाचा पत्ता जोडावा. डेटाबेसचेही मापन हवे असल्यास डेटाबेसच्या इंजिनाच्या जागी या जोडभागातील त्याच जातीचे इंजिन लिहावे.

मापांचे पान तयार झाले, पण ते वाचणार कोण? ते काम ‘प्रॉमेथियस’ करते. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ साली त्याची सुरुवात झाली, २०१५ साली ते जाहीरपणे लोकांपुढे आले आणि २०१६ पासून क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. ते ठरावीक अंतराने मापांच्या पानावर जाऊन आकडे टिपते आणि काळानुसार साठवते. घरोघर जाऊन विजेच्या मीटरचे वाचन घेणाऱ्या माणसासारखी ही पद्धत आहे. लिनक्स यंत्र, मायएसक्यूएल इत्यादींसाठीही असेच जोडभाग उपलब्ध असल्याने सर्वांचे वाचन एकाच वहीत जमते.

मापांचे प्रकार

मापांचे तीन प्रकार विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावेत.

पहिला गणक. तो फक्त वाढतो. विजेच्या मीटरवरचा आकडा स्वतः काही सांगत नाही; दोन वाचनांतील फरक सांगतो. १० वाजता ४८,२०० आणि १० वाजून ५ मिनिटांनी ५१,२०० असा आकडा असेल, तर ३०० सेकंदांत ३,००० विनंत्या, म्हणजे सेकंदाला १० विनंत्या आल्या. सर्व्हर पुन्हा सुरू केला की गणक शून्यावर येतो; आकडा घटला की प्रॉमेथियस हे ओळखते आणि हिशेब तसा जुळवते.

दुसरा दर्शक. टाकीतील पाण्याच्या पातळीसारखा तो वरखाली होतो. वापरातील मेमरी, या क्षणी चालू असलेल्या विनंत्या ही त्याची उदाहरणे.

तिसरा वारंवारतेचा तक्ता. वाणिज्य व संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संचित वारंवारता सारणी परिचित आहे, ही तीच. समजा, १,००० विनंत्यांपैकी ०.१ सेकंदापर्यंत ६२०, ०.५ पर्यंत ९००, १ सेकंदापर्यंत ९५०, ५ सेकंदांपर्यंत ९९० आणि त्याहून अधिक वेळ धरून सर्व १,००० पूर्ण झाल्या. येथे ९५ वे शततमक १ सेकंद आहे, हे सारणीवरून सरळ वाचता येते. शततमक वर्गाच्या मधोमध पडल्यास अंदाज काढावा लागतो. म्हणून वर्गांच्या सीमा आपल्या गरजेप्रमाणे आखाव्यात.

रोगाचे मूळ

ताप आहे हे थर्मामीटर सांगतो. कारण शोधायला अन्य तपासण्या लागतात. तसाच ‘जँगो डीबग टूलबार’ हा दुसरा लोकनिर्मित जोडभाग आहे. पान तयार करताना डेटाबेसला किती प्रश्न विचारले गेले आणि प्रत्येकाला किती वेळ लागला, ते तो पानाच्या कडेला दाखवतो. ५० विद्यार्थ्यांची यादी करताना प्रत्येकाच्या विभागाचे नाव स्वतंत्रपणे विचारले, तर यादीचा एक आणि विभागांचे पन्नास असे ५१ प्रश्न होतात. प्रत्येकाला ३ मिलिसेकंद धरले तरी १५३ मिलिसेकंद गेले. दोन्ही तक्ते जोडून एकदाच विचारले की एकाच प्रश्नात काम भागते. घरात चाचणी घेताना दहाच नावे असतात, म्हणून हा दोष लपतो. हजारो नावे आली की उघडा पडतो. हा टूलबार मात्र आज्ञावली लिहिताना स्वतःच्या यंत्रावरच वापरावा. चालू संकेतस्थळावर तो उघडा राहिला तर आतली मांडणी परक्याच्या हाती लागेल.

काही पथ्ये

एक : मापांच्या लेबलात विद्यार्थ्याचा क्रमांक किंवा नाव घालू नये. प्रत्येक वेगळ्या लेबलासाठी आकड्यांची स्वतंत्र मालिका तयार होते. दहा हजार विद्यार्थी म्हणजे दहा हजार मालिका. शिवाय खासगी माहिती उघडी पडते ती वेगळीच.

दोन : मापांचे पान साऱ्या जगाला खुले ठेवू नये.

तीन : सर्व्हरवर अनेक प्रक्रिया चालत असतील तर प्रत्येकीचा गणक वेगळा असतो. त्यांची बेरीज करण्याची व्यवस्था न केल्यास दर वाचनाला निराळाच आकडा येईल.

चार : इशारा नेमका असावा. ‘९५ वे शततमक सलग दहा मिनिटे दोन सेकंदांच्या वर राहिल्यास कळवावे’ हा चांगला इशारा. क्षणाक्षणाला वाजणाऱ्या घंटेकडे कोणी लक्ष देत नाही.

पाच : जोडभाग पारखून घ्यावा. तो कोण सांभाळतो, अलीकडे त्यात सुधारणा झाली आहे काय, तो आणखी कशावर अवलंबून आहे, हे पाहावे. आवृत्ती निश्चित करून आधी चाचणीच्या यंत्रावर वापरावी.

या शेवटच्या पथ्याचे महत्त्व २०२४ साली साऱ्या जगाला पटले. ‘एक्सझेड’ ही माहिती आवळून ठेवणारी मुक्त आज्ञावली असंख्य लिनक्स यंत्रांत असते. मुख्यतः एका स्वयंसेवकाच्या खांद्यावर असलेल्या या कामात ‘जिया टॅन’ असे नाव धारण केलेल्या व्यक्तीने हळूहळू विश्वास संपादन केला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. ती सापडली कशी? अँड्रेस फ्रॉइंड हे अभियंते दुसऱ्याच कामासाठी मोजमाप करीत असताना, दूरस्थ लॉगिनला पूर्वी लागणारा सुमारे ०.३ सेकंद आता ०.८ सेकंद झाल्याचे त्यांना दिसले. अर्ध्या सेकंदाचा हा फरक दुसऱ्या कोणी सोडून दिला असता. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी कट उघडकीस आणला. लोकनिर्मित साधनांतील धोका आणि त्यांचे बळ या एकाच घटनेत दिसतात. आज्ञावली खुली होती म्हणून चोराला शिरता आले, आणि ती खुली होती म्हणूनच जागल्याला आत डोकावून चोर पकडता आला.

समारोप

या साधनांना पैसा लागत नाही, सवय लागते. प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढील तीन गोष्टी करून पाहाव्यात. आपल्या संकेतस्थळावर एक मापन-जोडभाग बसवून आठवडाभराची नोंद ठेवावी. सर्वांत मंद पान कोणते आणि ते डेटाबेसला किती प्रश्न विचारते, ते शोधावे. एकच सुधारणा करून आधीचे व नंतरचे ९५ वे शततमक शेजारी शेजारी मांडावे. प्राध्यापकांनीही प्रकल्पाचे गुण देताना ‘चालते का?’ या प्रश्नाला ‘किती जणांसाठी, किती वेळात चालते?’ हा दुसरा प्रश्न जोडावा.

मापांच्या फलकावरील एकेक आकडा म्हणजे कोठे तरी पडद्याकडे डोळे लावून बसलेला एक माणूस असतो. शंभरांतल्या त्या पाच ताटकळलेल्या माणसांची दखल घेणे, हेच या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन होय.