स्तनप्रदेशातील उत्तान सिराशोथ : मॉन्डोरची व्याधी

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे परिसरात भातलावणी, मोळी वाहणे ही स्त्रियांची नित्याची कामे. अशा श्रमानंतर स्तनाच्या बाहेरील बाजूस हाताला दुखरी, ताठ दोरी लागली आणि हात वर करताच त्वचेवर खोल रेघ उमटली, की रुग्णा कर्करोगाच्या भीतीने हादरते. फ्रेंच शल्यविद हेन्री मॉन्डोर यांनी १९३९ मध्ये वर्णिलेली ही व्याधी. उत्तान सिरेत रक्त गोठून ती कठीण होते. सुश्रुतांनी निदानस्थानात दुर्बलाच्या अतिश्रमाने, वायूमुळे संकोचलेल्या सिरांपासून होणाऱ्या सिराजग्रंथीचे वर्णन केले आहे. दोन्ही एकच, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हेतू विचारण्याची दिशा तेथे मिळते.

शोथ बहुधा ४ ते ८ आठवड्यांत आपोआप शमतो (आणि श्रेय आमच्या लेपाला मिळते!). कोमट शेक व विश्रांती बहुधा पुरते, मर्दन नको. मात्र क्वचित या दोरीमागे स्तनार्बुद दडलेले असते. म्हणून दोन्ही स्तन व काखा तपासून सोनोग्राफी, आणि वयानुसार मॅमोग्राफी करवून घ्यावी. औषधी दुकानदारांनीही नुसता लेप देऊन बोळवण करू नये. शहरात जाण्याने रुग्णेची मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. तरीही दोरी विरली म्हणून ही तपासणी सोडू नये.