साक्षीदार कीं साथीदार ?



भर रस्त्यांत कोणी एखाद्यास निर्दयपणें मारीत आहे, आणि चारदोन जण खिशांतून मोबाइल काढून त्या प्रकाराचें चित्रण करीत उभे आहेत. मारणारा दोषी, हें सांगावयास नकोच. पण चित्रण करणारांस काय म्हणावें ? त्यांनीं तर कोणावर हातहि उगारला नाहीं ! या प्रश्नाचें उत्तर फ्रान्स देशानें कायद्यानें देण्याचा प्रयत्न केला. तो कायदा व त्यांतील अडचण आज आपण समजून घेऊं.

मोबाइलमध्यें कॅमेरा आला आणि थोड्याच वर्षांत, सन २००५ च्या सुमारास, युरोपांतील कांहीं तरुणांत एक दुष्ट खेळ सुरू झाला. एकानें अनोळखी वाटसरूवर हल्ला करावयाचा, दुसऱ्यानें त्याचें चित्रण करावयाचें, आणि तें मित्रमंडळींत वाटून हंशा पिकवावयाचा. येथें चित्रणासाठींच मारहाण होई. कॅमेरा नसता तर हातहि उठला नसता.

हा प्रकार थांबविण्यासाठीं फ्रान्सनें ५ मार्च २००७ च्या कायद्यानें आपल्या दंडसंहितेंत नवें कलम घातलें. त्याचा आशय असा :

(१) त्यांत नमूद केलेल्या हिंसक कृत्यांचें जाणूनबुजून चित्रण करणें म्हणजे त्या गुन्ह्यास साथ देणें होय.

(२) असें चित्रण प्रसृत करणारास पांच वर्षांपर्यंत कैद व ७५,००० युरोपर्यंत दंड होऊं शकतो.

(३) लोकांस बातमी देणें हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनीं आपल्या नेहमींच्या कामांत केलेलें, किंवा न्यायालयांत पुरावा व्हावा म्हणून केलेलें चित्रण यांतून वगळलें आहे.

तिसरा नियम वाचून समाधान वाटतें. पण खरी अडचण तेथेंच आहे. योगायोग असा कीं, फ्रान्सच्या संविधान परिषदेनें या कायद्यास ३ मार्च २००७ रोजीं मोकळी वाट दिली. आणि बरोबर सोळा वर्षांपूर्वीं, ३ मार्च १९९१ रोजीं, अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें पोलिसांनीं रॉडनी किंग यास केलेली मारहाण जॉर्ज हॉलिडे नांवाच्या सामान्य नागरिकानें आपल्या सज्जांतून टिपली होती. तो वार्ताहर नव्हता. त्यानें ती फीत एका दूरचित्रवाणी केंद्रास दिली, म्हणून ती गोष्ट जगास कळली. पुढें २५ मे २०२० रोजीं मिनीआपोलिस येथें एका पोलिस अधिकाऱ्यानें जॉर्ज फ्लॉइड याची मान गुडघ्याखालीं दाबून धरली असतां, सतरा वर्षांच्या एका मुलीनें तें चित्रण करून प्रसृत केलें. पोलिसांच्या पहिल्या निवेदनांत त्या गुडघ्याचा उल्लेखहि नव्हता ! २०२१ सालीं तो अधिकारी खुनाबद्दल दोषी ठरला, तेव्हां हें चित्रण महत्त्वाचा पुरावा होतें.

आतां फ्रान्सचा तिसरा नियम पुन्हा वाचा. पुराव्यास त्यांत जागा आहे, वार्ताहरासहि आहे. पण अन्याय लोकांच्या नजरेस आणण्यासाठीं तो प्रसृत करणाऱ्या सामान्य नागरिकास तितकें स्पष्ट संरक्षण नाहीं. टीकाकारांचा आक्षेप हाच होता.

मग भेद कशांत आहे ? यंत्र एकच, दृश्यहि एकच. भेद हेतूंत आहे. साक्षीदार मार खाणाराच्या बाजूनें उभा असतो, साथीदार मारणाराच्या. परंतु हेतु मनांत असतो, आणि कायद्यास तो बाहेरील कृत्यावरूनच ओळखावा लागतो. म्हणून आपली कृत्यें निःसंदिग्ध असावींत. प्रथम मदतीस हांक मारावी. ११२ या क्रमांकावर कळवावें. चित्रण केलेंच तर तें योग्य अधिकारी, वकील किंवा जबाबदार वार्ताहर यांच्या हातीं द्यावें. गंमत म्हणून तें कदापि पुढें धाडूं नये; कारण त्या अभाग्याची विटंबना प्रत्येक पाहणाऱ्यापुढें नव्यानें होते.

पालकांसहि एक विनंती आहे. मुलानें असें चित्रण घरीं दाखविलें तर रागावण्यापूर्वीं त्यास एवढेंच विचारावें : "हें कोणीं काढलें, आणि त्या मार खाणाराचें पुढें काय झालें ?" ज्याला हा दुसरा प्रश्न सुचूं लागला, तो साथीदार होणार नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. फ्रान्सच्या कायद्यांत कोणतें चित्रण वगळलें आहे ?

२. लॉस एंजेलिसचा नागरिक साक्षीदार कां ठरतो ?

३. तुमच्या मोबाइलवर असें चित्रण आलें तर तुम्ही काय कराल ? कारणासह लिहा.